सोमवारचा हंडा

यावोरित्सा, रविवार, १० ऑक्टोबर २००४

प्रिय मावशी,

दुपारचे चार वाजलेत. मुलं घरून परतायला अजून तासभर आहे, म्हणून लिहायला बसले. शाळा सुरू झाल्यापासून मी नुसती बसलेय अशी ही पहिलीच वेळ, हे वाचून तू हसशील. तू चौतीस वर्षं हे वसतिगृह सांभाळलंस आणि दमल्याचं कधी बोलली नाहीस. मी पंचवीस दिवसांत दमले.

दिवस तुला पाठच आहे. सहाला लाकडाच्या तीन शेगड्या पेटवायच्या, सत्तावीस मुलं उठवायची, त्यातल्या अकरा मुलींच्या वेण्या घालायच्या. हरवलेला एक मोजा शोधेपर्यंत दुसऱ्याचा हरवतो. शाळा सुटली की लाकडं रचणं, बटाटे सोलणं, अभ्यास. वरच्या मजल्यावरचा नळ अजून गळतो. धाकटा रादको रोज अंथरूण ओलं करतो. मोठ्या मुलांनी आपसात पाळी लावून त्याची गादी शेगडीजवळ वाळवायला सुरुवात केली आहे. मला ते कळू देत नाहीत आणि मीही कळल्याचं दाखवत नाही. इथे जे काही नीट चालतं ते असंच, माझ्या पाठीमागे.

तू बजावल्याप्रमाणे रविवारी तांब्याचा हंडा दारात ठेवते. मुलं रुमालात बांधून आणलेला मूठभर घेवडा आधी त्यात ओततात, मगच उंबरा ओलांडतात. पण सोमवारी आमटी बिघडते. सात वाड्यांचा सात जातींचा घेवडा. काही दाणे विरघळून जातात, काही दाताखाली कडकड वाजतात. हातिजे आजी स्वयंपाकघरातून मला ऐकू येईल असं म्हणते, "निवडायचं काम तुझ्या मावशीचं, वेलिकाचं होतं, मी फक्त ढवळायची. आता पोरी, तूच बघ." तर कोणता आधी टाकायचा ते सांग.

फातमे आजी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेल्याचं तुला कळलंच आहे. तिची नात सेवदा आता अकरा वर्षांची आहे. आई स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडते आणि उन्हाळ्याशिवाय येऊ शकत नाही. बापाचा पत्ता कुणालाच नाही. शनिवार-रविवार तिला जायला घर नाही, म्हणून तिला इथेच ठेवून घेते. नियमात बसत नाही, पण मुख्याध्यापक दुसरीकडे बघतात. तिचं सगळं मी बघून घेतलं आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी,
इस्क्रा


प्लोवदिव, १७ ऑक्टोबर

इस्क्रा,

आधी घेवडा. लिवादे वाडीचा पहिला टाकायचा. मोठा, तपकिरी, वाघाच्या पट्ट्यांचा, तो फातमेकडचा. ती वाडी सगळ्यात उंच, तिथल्या दाण्याची साल जाड असते. तो अर्धा तास उकळला की जांभळा. मग लहान पिवळा. पांढरा सगळ्यात शेवटी, तो लाडावलेला असतो, लगेच मोडतो. कांदा, सुकी लाल मिरची आणि पुदिना हातिजेवर सोड, त्यात नाक खुपसलंस तर ती आठवडाभर बोलणार नाही.

आता माझं ऐक. हंडा म्हणजे आमटी नव्हे. बहात्तर सालच्या फेब्रुवारीत रस्ता अकरा दिवस बंद होता आणि कोठीत पीठ सोडून काही नव्हतं. मी मुलांना म्हटलं, घरी जाल तेव्हा असेल ते मूठभर आणा. सांगताना मला लाज वाटली होती. मुलांना वाटली नाही. रस्ता उघडला, कोठी भरली, तरी पुढच्या रविवारी मुलं मुठी घेऊन दारात उभी. तेव्हापासून तो हंडा माझा नाही, त्यांचा आहे. शिक्षणमंत्री आले आणि गेले, शाळेवरची पाटी तीनदा बदलली, मूठ बदलली नाही. कुणाच्या घरी दोन गाई, कुणाच्या घरी एक शेळीही नाही, पण मूठ सगळ्यांची तेवढीच. दया करणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. हंड्यावर सगळे हात एकाच उंचीला येतात. हे मी शिक्षक संघाच्या सभेत सांगितलं होतं, तेव्हा एक जण जांभई देत होता. त्याच्या शाळेला आता कुलूप आहे.

सेवदाचं बघून घेतलंस हे वाचून बरं वाटलं. फातमे दर शरदात घेवड्याची पिशवी पाठीवर टाकून यायची आणि माझ्या खोलीत कॉफी प्यायची. दोघी एकमेकींना आपापल्या गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायचो. पोरीला जप.

मी इथे राणीसारखी आहे. सातवा मजला, लिफ्ट, गरम पाणी. सून मला इकडची काडी तिकडे करू देत नाही. ताट उचलायला गेले तरी म्हणते, "आई, तुम्ही बसा." बसते.

मावशी


यावोरित्सा, ८ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझी यादी स्वयंपाकघरात चिकटवली. लिवादेचा पहिला, पांढरा शेवटी. आमटी आता बरी होते. हातिजे आजीने चव घेऊन मान हलवली, म्हणजे प्रशंसा समजायची.

उशिरा लिहिते आहे कारण दोन आठवडे घरात खोकला होता. एका मुलाला झाला की सत्तावीस जणांना होतो आणि मग मला. लिंडनच्या झाडाच्या फुलांचा चहा करून करून माझ्या अंगाला त्याचा वास लागला आहे. एकही रविवार माझा नाही. सेवदा इथे असते, तेव्हा मला कुठे जाता येत नाही. ती त्रास देत नाही, उलट इतकी गप्प असते की तिच्यावर लक्ष ठेवूनच मी दमते.

एक गोष्ट विचारायची आहे. सेवदा सोमवारी जेवत नाही. इतर दिवशी खाते. सोमवारी वाडगा समोर घेते, चमचा फिरवत राहते आणि शेवटी शेजारणीला देते. पोटात दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. आजीची आठवण येत असेल का? लिवादेचं काही नाव काढलं की तोंड फिरवते.

आणि आता मुख्य गोष्ट. शहरातल्या बालकल्याण कार्यालयातून एक बाई येऊन गेल्या. सभ्य होत्या, पायात गावाला न शोभणारे बूट होते. त्या म्हणाल्या की वसतिगृह पाच दिवसांचं असतं, सात दिवसांचं नाही. शुक्रवारी मुलीला नेणारं एक घर हवं आणि जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव व सही हवी. वसतिगृह चालवणाऱ्याचं नाव चालत नाही, म्हणजे मी बाद. २० डिसेंबरपर्यंत नाव मिळालं नाही तर सेवदाला जिल्ह्याच्या बालगृहात हलवतील.

मी वाड्यावाड्यांना विचारलं. सगळे म्हणतात, येऊ दे की जेवायला, एक पोर काय जड आहे. कागद पुढे केला की हात मागे जातात. सरकारी कागदावर सही म्हटलं की इथल्या म्हाताऱ्यांना जुन्या राजवटीचे दिवस आठवतात. हातिजे आजीने केली असती, पण तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणावर आहे आणि घर दोन खोल्यांचं.

खरं सांगू? कधी कधी वाटतं, बालगृहच बरं. तिथे परिचारिका आहे, नळ गळत नाहीत. मी दमलेय, म्हणून असं वाटतं की खरंच बरं आहे, ते मला कळत नाही.

तुझी,
इस्क्रा


प्लोवदिव, १४ नोव्हेंबर

इस्क्रा,

बालगृह बरं, हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. मी ते बालगृह पाहिलं आहे. साठ पलंग, साठ सारख्या चादरी, भिंतीवर ससे रंगवलेले. एक मुलगी मला आठवते. तिला विचारलं, तू कुठली. ती म्हणाली, सोळा नंबरची. यावोरित्सातलं सगळ्यात वांड पोरसुद्धा विचारलं तर छाती काढून वाडीचं नाव सांगतं. सेवदा लिवादेची आहे. फातमेची आहे. ती सोळा नंबरची होणार नाही.

मी आजच वर्तमानपत्राच्या संपादकांना लिहायला घेतलं आहे. डोंगरातल्या शाळा कशा मारल्या जातात ते लोकांना कळू दे. आधी बस काढून घेतात, मग डॉक्टर, मग मुलं कमी आहेत म्हणतात, आणि शेवटी प्रेमाने एकेक मूल उचलून नेतात. शिक्षण खात्यालाही लिहीन. माझं अक्षर अजून वाचता येतं.

सोमवारचं म्हणशील तर ते आजीचं दुःख आहे, दुसरं काही नाही. आमटीच्या वासाने घर आठवत असेल. तिला कामातून मोकळं कर. लाकडं नको, बटाटे नको, भांड्यांची पाळी नको. ताट तिच्यापुढे पहिलं वाढ. पोरीला कळू दे की इथे तिला काही करावं लागत नाही. हातिजेला सांग, तिच्यासाठी वेगळं थोडं तूप काढून ठेव.

इकडे सगळं ठीक. सुनेने माझ्यासाठी खिडकीजवळ खुर्ची ठेवली आहे. खाली गाड्या दिसतात. मी मोजते.

मावशी


यावोरित्सा, मंगळवार, ३० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

रविवारी सेवदा नाहीशी झाली होती. आता सुखरूप आहे, म्हणून आधी तेच लिहिते. बाकीचं वाचताना माझ्यावर रागव, पण शेवटपर्यंत वाच.

रविवारी जेवण झाल्यावर मी तासभर झोपले. अंगात कसकस होती. दीडला उठले तेव्हा तिचे जोडे जागेवर नव्हते. मुलांना आणायला निघालेल्या मिंचोच्या बसमध्ये मी चप्पल-स्वेटरवरच चढले. त्याने एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि सीटखालचे स्वतःचे रबरी बूट काढून दिले. लिवादेच्या फाट्यावर उतरले. बर्फ घोट्याएवढा होता आणि त्यात एकाच जोडीची पावलं वर गेलेली होती.

ती फातमे आजीच्या परसात होती. आजी गेली तेव्हा घेवडा काठ्यांवरच होता, तो कुणी काढलाच नाही. दोन महिने पावसात आणि आता बर्फात. शेंगा काळ्या पडून काठ्यांना चिकटल्या होत्या. ती त्या एकेक ओढून काढत होती आणि पायरीवर बसून सोलत होती. मागे दारावर आजीच्या मृत्यूनंतरच्या चाळीसाव्या दिवसाचा, फोटो छापलेला हिरव्या काठाचा कागद अजून डकवलेला आहे, वरच्या कोपऱ्यातून सुटलेला. फोटोतली आजी तिच्या डोक्यावरून माझ्याकडेच बघत होती.

मला बघून ती उठली नाही. म्हणाली, "बाई, मूठ भरली की येते."

मी म्हटलं, तुला आणायची गरज नाही हे मी सांगितलं होतं ना.

ती म्हणाली, "माझ्या नावाने तुम्ही टाकता ते शाळेच्या पोत्यातले असतात. ते सगळे पांढरे आहेत. सगळ्यांना माहीत आहे."

मावशी, मी तुझ्यापासून लपवलं ते हे. पहिल्याच रविवारी, सगळी मुलं दारात उभी असताना, मी मोठ्याने म्हणाले होते की सेवदाचं घर बंद आहे, तिने घेवडा आणला नाही तरी चालेल. मला वाटलं मी तिला लाजेतून वाचवते आहे. मग तिच्या नावाने मी कोठीतल्या दुकानी घेवड्याची मूठ टाकू लागले. लिवादेचा घेवडा यंदा हंड्यात आलाच नाही. तुझ्या यादीप्रमाणे लिवादेचा पहिला टाकते, हे मी खोटं लिहिलं होतं. त्या वाडीतून येणारी ती एकटीच.

मुलं तिला काय म्हणतात ते मला आता कळलं. पाहुणी. वाईट बोलत नाहीत, मारत नाहीत. "पाहुणीला आधी वाढा." "पाहुणीला भांडी कशाला, राहू दे." आणि मी तुझ्या पत्रावरून तिची सगळी कामं काढून घेतली, पहिलं ताट तिच्यापुढे ठेवलं. पाहुणीचा सगळा थाट मीच पुरा केला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पायरीवर तिने मूठ उघडून दाखवली. अर्ध्या दाण्यांना बुरशी होती. मी घाबरलेली होते, थंडीने दात वाजत होते, आणि मी तिचा हात धरून झटकला. म्हटलं, कुजलाय हा, टाक आणि चल. दाणे बर्फात गेले. ती रडली नाही. फाट्यापर्यंत माझ्या पुढे पुढे चालत राहिली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

कार्यालयाला कळलं आहे. मुलगी पळते, म्हणजे वसतिगृहात तिला सुख नाही, असा अर्थ त्यांनी काढला. २० तारखेला त्या बाई गाडी घेऊन येणार आहेत. नाव असलं तर कागद घेऊन जातील, नसलं तर मुलीला.

मी जूनपर्यंत राहीन असं तुला म्हटलं होतं. आता वाटतं, ती गेली तर मीही जाईन. मग वसतिगृहात कुणी नाही म्हणून उरलेल्या सव्वीस जणांनाही हलवतील. हे तुला धमकी म्हणून लिहीत नाही. दमलेल्या माणसाला पुढचं जसं दिसतं तसं लिहिते.

इस्क्रा


प्लोवदिव, ६ डिसेंबर, संत निकोलाचा दिवस

इस्क्रा,

पत्र तीनदा वाचलं. रागावणार होते, पण कामं काढून घे हे मीच सांगितलं होतं. सभेत सांगायची एक गोष्ट आणि पत्रात लिहायची दुसरी, असं माझं झालं. ती चूक माझी.

तू जायचं नाहीस. हे वय दमायचं नाही. एक माणूस जागा सोडतो तेव्हा त्याच्या मागे रांगेत उभे असलेले सगळे पडतात. या देशाचं नुकसान दुष्ट माणसांनी केलं त्याहून जास्त दमलेल्या चांगल्या माणसांनी केलं आहे.

संपादकांना पाठवलेल्या पत्राची नक्कल सोबत आहे. तिसऱ्या पानावर लिवादेचा उल्लेख केला आहे. सेवदासाठी लोकरीचा स्वेटर आणि एक रग बसने पाठवते आहे. नाव मिळेल. शोधत राहा. माझे गुडघे धड असते तर मी स्वतः वाड्यांवर फिरले असते. इथले डॉक्टर म्हणतात, जिना नाही, ओझं नाही, थंडी नाही.

आज घरात मासा केला होता. मी कांदा चिरू का म्हणून विचारलं.

मावशी


यावोरित्सा, १३ डिसेंबर

मावशी,

स्वेटर मिळाला. बाह्या लांब आहेत, पुढच्या वर्षी बसेल.

नक्कल वाचली. फार चांगली आहे. स्वयंपाकघरात हातिजे आजीला वाचून दाखवली. ती बटाटे सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "वेलिका लहानपणापासून बोलायची छान. पण शुक्रवारी पोरीला न्यायला संपादक येणार आहे का?"

मला हसू आलं आणि मग रडू. आजीचं ते बोलणं मी तुला लिहिणार नव्हते, तरी लिहिलं.

भाषण नको, मावशी. नाव हवं. सात दिवस राहिलेत.

इस्क्रा


प्लोवदिव, १७ डिसेंबर

इस्क्रा,

वेलिका आसेनोवा करामिहोवा. वय सत्तर. राहणार लिवादे. लिहून ठेव.

सेवदाच्या आईशी मुलाच्या फोनवरून बोलले. घर तिच्या नावावर आहे. ती आधी रडली, मग म्हणाली किल्ली दारावरच्या दगडाखाली आहे, सरपण मागच्या पडवीत आहे आणि चुलीच्या धुराड्यात चिमण्यांचं घरटं आहे, ते आधी काढा. संमतीचा कागद ती तिथल्या आपल्या दूतावासातून पाठवते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी त्या खुर्चीवर बसले होते. रागाने उत्तर लिहायला घेतलं. चाळीस वर्षांत मला कुणी भाषण नको म्हटलं नव्हतं. दोन पानं झाली. मग सून आली, माझ्या हाताजवळचा रिकामा कप उचलला आणि म्हणाली, "आई, तुम्ही बसा." ती वाईट नाही. दिवसभर बँकेत उभी असते, घरी येऊन सगळ्यांचं करते, आणि मला काही करावं लागू नये म्हणून जपते. तुझ्या पत्रातला तो शब्द मला तेव्हा आठवला. पाहुणी. इतके महिने मी तुला राणी म्हणून लिहीत होते, तो हाच शब्द.

त्या घरात मी जेवते, झोपते, औषध घेते. हंड्यात माझी मूठ नाही. सेवदाला हे अकराव्या वर्षी कळलं आणि ती बर्फातून निघाली. मला सत्तराव्या वर्षी कळलं, तेही एका स्वयंपाकिणीने टोमणा मारल्यावर.

हातिजेला सांग, गुडघे खरंच दुखतात, ते सोंग नाही. डॉक्टर नाही म्हणाले. मुलगा नाही म्हणाला. सुनेने माझी पेटी भरली आणि त्यात लोकरीचे चार जोड मोजे वरून टाकले.

सोमवारी सकाळच्या बसने येते. पत्र माझ्या आधी पोचलं तर त्या बाईंना कॉफी देऊन बसवून ठेव. नाही पोचलं तर मीच हातात देईन.

मावशी


यावोरित्सा, मंगळवार, १८ जानेवारी २००५
(सेवदाच्या हाती)

प्रिय मावशी,

बालकल्याणच्या बाई तुझ्या सहीचा कागद घेऊन गेल्या, तेव्हापासून तू पाच किलोमीटरवर राहतेस आणि मी पत्र लिहिते आहे. फोनवर ही गोष्ट सांगायला गेले असते तर अर्धी राहिली असती. शुक्रवारी सेवदा घेऊन येईल.

परवा रविवारी ती दारात आली. हातात रुमाल होता, तुझा, निळ्या काठाचा. रांगेत आपल्या जागी उभी राहिली, गाठ सोडली आणि ओतला. तपकिरी, पट्ट्यांचा, एकेक दाणा अंगठ्याच्या पेराएवढा. मुलं वाकून बघायला लागली. मी पुढे गेले नाही. काहीच बोलायचं नाही, एवढं मी शिकले आहे.

फातमे आजीच्या माळ्यावर सापडलेलं ते बियाणं तीन वर्षांचं आहे, शिजणार नाही, असं तू तिला सांगितलंस म्हणे. तिने मला स्वतःहून सांगितलं. नोव्हेंबरनंतर माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य ते होतं. "आजी म्हणाली शिजणार नाही. मी म्हटलं, शिजेल." तू आता आजी झालीस.

निवडायचं काम मी तिला दिलं. तिने रविवारीच सात ढीग केले आणि लिवादेचा वेगळा भिजवला. सोमवारी दुपारी एकला हातिजे आजीने तो चढवला. बाकीचा वेळेवर पडला. संध्याकाळी साडेसहाला जेवणाची घंटा झाली, सगळे बाकांवर बसले. आजीने झारा घातला, एक पट्ट्यांचा दाणा काढून दाताखाली धरला आणि नाही अशी मान हलवली. अजून दगड.

पोरांनी शाळा सुटल्यापासून लाकडं रचली होती. भुकेने चमचे वाजवायला लागली. पावणेसात झाले. सात झाले. त्यांच्यातला पेत्को म्हणाला, "आपण आपापला खाऊन घेऊ या की. तिचा तिला मागून."

रादको, तोच तो धाकटा, बाकाच्या टोकाला बसला होता. कुणाकडे न बघता म्हणाला, "मग सोमवार कशाला म्हणायचं?"

त्यानंतर चमचे थांबले. कुणी पाव मोडला नाही. माझी शपथ, मी कुणाला गप्प बस म्हटलं नाही. सत्तावीस भुकेली मुलं, वाडगे रिकामे, आणि सेवदा दर दहा मिनिटांनी उठून हंड्यापाशी जाते, दाणा काढते, चावते आणि परत येऊन बसते. तिच्या चेहऱ्याकडे बघून सगळ्यांना कळायचं. कुणी तरी पैज लावली. कुणी म्हणालं लिवादेला बहुतेक दगडच पिकतात. ती म्हणाली, "तुमच्या रुदारे वाडीला तेही पिकत नाहीत." तिच्या तोंडून टोमणा मी पहिल्यांदाच ऐकला.

पावणेआठला तिने दाणा चावला आणि झारा उचलला. शिजला होता. म्हणजे अगदी नाही, पण दात तुटणार नाही इतका. वाढायची पाळी तिचीच होती. सव्वीस वाडगे, हातिजे आजीचा, माझा, आणि मग तिचा. बसली आणि दोन वाडगे खाल्ले.

भांड्यांपाशी पेत्को तिला म्हणत होता, "ए लिवादेवाली, पुढच्या वेळी शुक्रवारीच भिजत घाल." मी शेगडीत लाकूड टाकायचं निमित्त करून तिथेच उभी राहिले आणि ते नाव दोनदा ऐकलं.

जूनचं काय ते अजून ठरवलं नाही. दमले आहेच. पण गेल्या शनिवारी, सेवदा तुझ्याकडे होती तेव्हा, मी दुपारी दोनपर्यंत झोपले. वसतिगृहात कुणी नव्हतं आणि नळ गळत होता, तरी झोपले.

तुझी,
इस्क्रा


लिवादे, रविवार, २३ जानेवारी
(सेवदाच्या हाती)

इस्क्रा,

घरटं काढलं, आता धूर बाहेर जातो. सरपण मार्चपर्यंत पुरेल. दारावरचा कागद सेवदाने परत नीट चिकटवला, फातमेला जाऊन सहा महिने होईपर्यंत राहील.

बियाणं अर्धंच राहिलं आहे. ते मी पिशवीत घालून माझ्या उशाशी ठेवलं आहे, तिच्या हाती लागू देत नाही. मे महिन्यात पेरायचं आहे. आजची मूठ शेजारच्या घरातून आणली आहे, लिवादेचीच, यंदाची. वेळेवर शिजेल. पोरांना सांग.

काल मुलगा आणि सून भेटायला आले होते. सून पाहुणी म्हणून बसायला गेली. मी तिच्या हातात कुऱ्हाड दिली. सेवदाने तिला लाकूड कसं उभं धरायचं ते दाखवलं. तासाभराने आत आली तेव्हा गाल लाल झाले होते आणि हसत होती. मग माझे सुजलेले गुडघे बघून गंभीर झाली आणि म्हणाली, "आई, इथे तुम्ही दमत नाही का?"

दमते, म्हटलं. त्यासाठीच आले.

मावशी